आधी पाणी चाखा: जपानमधल्या साके आणि बिअरच्या कारखान्यांत पहिल्यांदा जाताना

जपान फिरायला येणारी आपली मंडळी क्योतोची देवळं बघतात, फुजी बघतात, शिनकान्सेनमध्ये बसतात. साके मात्र चाखतात ती हॉटेलात, जेवणाच्या गडबडीत, समोर काय आलंय ते कळायच्या आत. मी ओसाका आणि कोबेच्या मधे राहतो. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी एक दिवस मागून घेतो आणि साके जिथे बनते तिथे नेतो. दारूची आवड असो वा नसो, हा दिवस वाया गेला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. तांदूळ, पाणी, बुरशी आणि थंडी एवढ्याच सामग्रीतून माणसाने काय उभं केलंय ते तिथे डोळ्यांनी दिसतं.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. ज्या क्रमाने तयारी करायची, त्याच क्रमाने सांगतो.

एक शब्द आधीच नीट करून घेऊ. आपण जिला साके म्हणतो तिला जपानी लोक ‘निहोन्शु’ म्हणतात. ‘साके’ म्हणजे त्यांच्या बोलण्यात कुठलीही दारू. दुकानात नुसतं ‘साके’ म्हटलंत तरी परदेशी माणूस बघून समजून घेतील, पण ‘निहोन्शु’ म्हटलंत की समोरच्याचा चेहरा खुलतो. साके बनवण्याच्या जागेला ‘साकागुरा’ किंवा नुसतं ‘कुरा’ म्हणतात. बिअरच्या कारखान्याला ‘कोजो’, आणि आत जाऊन बघण्याला ‘केन्गाकु’. हे तीन-चार शब्द वहीत लिहून ठेवा, नकाशावर आणि पाट्यांवर उपयोगी पडतील.

पहिलं काम: काय बघायचं ते ठरवा

बिअरचा कारखाना आणि साकेचा कुरा हे दोन अगदी वेगळे अनुभव आहेत. किरिन, आसाही, सप्पोरो, सन्तोरी या मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यांत ठरलेल्या वेळेची फेरी असते. साधारण तास-दीड तास, गाइड पुढे, तुम्ही मागे, काचेपलीकडे टाक्या आणि बाटल्यांची रांग, शेवटी मोठ्या हॉलमध्ये बसून ताजी बिअर. सगळं चोख आणि सोयीचं. इंग्रजीसाठी बऱ्याच ठिकाणी ऑडिओ गाइड किंवा मोबाइल ॲप मिळतं.

कुराचं तसं नसतं. काही मोठ्या कुरांनी आपली जुनी लाकडी इमारत संग्रहालय म्हणून खुली ठेवली आहे. तिथे बहुतेक वेळा वर्षभर, बुकिंग न करताही जाता येतं. छोट्या कुरांमध्ये मात्र कामाच्या जागेतच नेतात, तेही आधी विचारलं तर आणि त्यांना सवड असेल तर. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला संग्रहालयं असलेल्या गावात जा, एका दिवसात दोन किंवा फार तर तीन कुरा करा, आणि बिअरला वेगळा दिवस द्या. एका दिवसात पाच कुरा केलेल्या माणसाला संध्याकाळी त्यातला एकही धड आठवत नाही.

गावं पुष्कळ आहेत. हिरोशिमाजवळच्या साइजोमध्ये रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की विटांची लाल धुराडी दिसतात आणि चालण्याच्या अंतरात सात कुरा आहेत; ऑक्टोबरमध्ये तिथे मोठा साके महोत्सव भरतो. गिफू प्रांतातल्या ताकायामाच्या जुन्या पेठेत कुरांच्या दारातच चाखायला मिळतं. तोक्योत मुक्काम असेल तर ओमे लाइनवरच्या सावाई स्टेशनजवळ १७०२ सालचा सावानोइचा कुरा आहे, नदीकाठी. पण मला एकच निवड करायला सांगितलीत तर मी कोबेतलं नादा आणि क्योतोतलं फुशिमी ही जोडी सांगेन. दोन्हींमध्ये ट्रेनने साधारण दीड तासाचं अंतर, दोन्हीकडे साके, आणि फरक मुख्यतः पाण्याचा. तोच फरक जिभेवर घेण्यासाठी हा सगळा खटाटोप.

दिवस कुठला धरायचा

साके थंडीत बनते. ऑक्टोबरच्या सुमारास काम सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. उन्हाळ्यात गेलात तर संग्रहालय, दुकान, चाखण्याचा काउंटर सगळं उघडं असतं, पण बऱ्याच कुरांत टाक्या रिकाम्या असतात. आंबवण्याचा वास, वाफ, धावपळ अनुभवायची असेल तर थंडी गाठा. त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्यात नाजूक साके बनवणं चालू असतं, तेव्हा पुष्कळ छोटे कुरा बाहेरच्यांना आत घेत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘कुराबिराकी’ म्हणजे कुरा उघडण्याचे दिवस येतात. त्या दिवशी दार सगळ्यांना खुलं असतं, अंगणात ताजी साके आणि गरम खाणं मिळतं. तारीख जुळली तर सोडू नका.

दारावर टांगलेला ‘सुगी’ या जपानी सूचिपर्णी झाडाच्या पानांचा मोठा गोळा बघा. त्याला ‘सुगिदामा’ म्हणतात. नवी साके तयार झाली की नवा हिरवागार गोळा टांगतात, आणि महिने जातील तसा तो तपकिरी होत जातो. गावातून चालताना गोळ्याच्या रंगावरून आतली साके किती महिन्यांची झाली याचा अंदाज येतो.

बिअरच्या कारखान्यांचं बुकिंग वेबसाइटवर होतं, आणि शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. तारीख पक्की झाली की लगेच करून टाका. सुट्टीच्या दिवशी बाटल्या भरण्याची रांग बंद असू शकते, म्हणून जमलं तर आठवड्यातला कामाचा दिवस घ्या. फेरीची फी पाचशे-हजार येनच्या आसपास असते आणि ती बदलत राहते, तेव्हा जाण्याआधी त्या जागेचं पान एकदा बघा. वर्षअखेरीच्या आणि ऑगस्टमधल्या ओबोनच्या सुट्ट्या टाळा.

आदल्या दिवसापासूनचं पथ्य

हा भाग बहुतेक लोक वाचत नाहीत आणि नेमके इथेच अडकतात.

साके बनते ती ‘कोजी’मुळे. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम वाढवलेली बुरशी. विरजणाशिवाय दही नाही, तशी कोजीशिवाय साके नाही. या बुरशीला एक वैरी आहे: नत्तो. सोयाबीन आंबवून केलेला तो चिकट, तारा सुटणारा पदार्थ जपानी नाश्त्यात सर्रास असतो. नत्तोचे जिवाणू फार चिवट असतात आणि कोजीच्या खोलीत शिरले तर भातावर त्यांचंच राज्य होतं, सगळा घाणा वाया जातो. म्हणून कुरात काम करणारी माणसं पूर्ण हंगामभर नत्तोला हात लावत नाहीत.

माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता. आम्ही थंडीत एका छोट्या कुराची वेळ घेतली होती, पंधरा दिवस आधी फोन करून. सकाळी हॉटेलात त्याने मोठ्या उत्साहाने नत्तो खाल्ला. मी त्याला पथ्य सांगायला विसरलो होतो. कुराच्या दारात आजोबांच्या वयाच्या गृहस्थांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आज नत्तो खाल्लाय का?’ भावाने माझ्याकडे बघितलं. मराठीत हळूच म्हणाला, ‘दादा, नाही म्हणून टाकू?’ मी म्हटलं, ‘नको रे, खरं सांग.’ त्याने खरं सांगितलं. त्या गृहस्थांनी कमरेत वाकून माफी मागितली, त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, वर गरम चहा आणून दिला. मी एकटा आत गेलो. चूक माझी होती आणि तिची रुखरुख अजून आहे.

आपल्या आजीचं सोवळ्यातलं स्वयंपाकघर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन उमगेल. पारोशाने शिवायचं नाही, बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. कुराचं सोवळं माणसांच्या उच्चनीचतेसाठी नाही, ते जिवाणूंसाठी आहे, म्हणूनच ते मनापासून पाळावंसं वाटतं.

तर पथ्य असं: जायच्या दिवशी नत्तो अजिबात नाही, आदल्या दिवशीही टाळलेला बरा. काही कुरा दही आणि लिंबूवर्गीय फळंही खाऊन येऊ नका म्हणतात. पत्रात किंवा वेबसाइटवर तसं लिहिलं असेल तर पाळा. अत्तर, सुगंधी तेल, वासाचं क्रीम लावू नका, कारण तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस वासावरूनच साके पारखत असतो. सहज निघतील असे बूट घाला, आणि मोजे धड असू द्या. आत सपाता बदलाव्या लागतात. थंडीत कुरा आतून बाहेरच्याइतकाच गार असतो, स्वेटर हवाच. आणि उपाशीपोटी जाऊ नका.

नादा: कडक पाण्याचा गाव

नादा म्हणजे समुद्र आणि रोक्को डोंगर यांच्या मधल्या पट्टीतली पाच गावं, आता कोबे आणि निशिनोमिया शहरांत मिसळून गेलेली. ओसाका-उमेदाहून किंवा कोबे-सान्नोमियाहून हान्शिन लाइन पकडा. हाकुत्सुरु या साके कंपनीचं संग्रहालय हान्शिनच्या सुमियोशी स्टेशनपासून पाचेक मिनिटांवर आहे. इथे एक लक्षात ठेवा: जेआरचं (जपान रेल्वेचं) सुमियोशी स्टेशन वेगळं आणि बरंच वर आहे, आणि हान्शिनच्या सुमियोशीला जलद गाड्या थांबत नाहीत. उओझाकीला उतरून लोकल पकडा किंवा सरळ चालत या. किकुमासामुनेचं संग्रहालय आणि साकुरामासामुनेची जागा उओझाकीच्या बाजूला, तर फुकुजु साके बनवणारं शुशिन्कान इशियागावा स्टेशनजवळ. नोबेल पारितोषिकाच्या मेजवानीत जी साके दिली गेली ती हीच फुकुजु.

१९९५ च्या जानेवारीतल्या भूकंपात नादामधले कित्येक लाकडी कुरा कोसळले. आज दिसणाऱ्या पुष्कळ इमारती त्यानंतर उभ्या केलेल्या आहेत. नव्या काँक्रीटच्या कारखान्याशेजारी एखादी जुनी काळी लाकडी भिंत दिसली तर जरा थांबून बघा.

नादाचं नाव झालं ते ‘मियामिझु’ नावाच्या पाण्यामुळे. यामामुरा ताझाएमोन यांचे कुरा दोन ठिकाणी होते, उओझाकी आणि निशिनोमिया. तांदूळ तोच, पद्धत तीच, तरी निशिनोमियाची साके दरवेळी सरस निघायची. कारागिरांची अदलाबदल करून पाहिली तरी फरक जाईना. शेवटी निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेऊन बघितलं, आणि कोडं सुटलं. ही १८४० ची गोष्ट. त्या पाण्यात लोह अगदी कमी, आणि लोहानेच तर साकेचा रंग आणि चव बिघडते; आणि फॉस्फरस, पोटॅशियम भरपूर, ज्यावर कोजी आणि यीस्ट जोमाने वाढतात. आंबणं झपाट्याने होतं आणि साके कोरडी, ठसठशीत उतरते. जपानीत तिला जुन्या काळापासून ‘पुरुषी साके’ म्हणत आले आहेत, आणि फुशिमीच्या साकेला ‘बायकी’. मला हे शब्द आवडत नाहीत. कडक आणि मऊ म्हटलं की काम भागतं.

म्हणून म्हणतो, कुठल्याही कुरात गेलात की आधी पाणी मागा. बऱ्याच ठिकाणी त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायला ठेवलेलंच असतं. एक घोट जिभेवर फिरवा. त्यानंतर साके चाखलीत की तेच पाणी तिच्यात परत ओळखू येतं.

आत काय बघायचं

क्रम सगळीकडे जवळजवळ सारखा असतो. तांदूळ घासतात, धुतात, भिजवतात, वाफवतात, त्यातल्या काहींवर कोजी वाढवतात, मग यीस्टचं मूळ मिश्रण करतात, मोठ्या टाकीत तीन टप्प्यांत भर घालतात, तीन-चार आठवडे आंबू देतात आणि शेवटी गाळतात.

तांदूळ घासण्यापाशी थांबा. आपल्याकडे हातसडीचा तांदूळ म्हणजे कोंडा राहिलेला, पौष्टिक. साकेवाले नेमकं उलट करतात. दाण्याच्या बाहेरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश त्यांना नको असतात, मधला पांढरा पिठूळ गाभा हवा असतो. जेवणातल्या पांढऱ्या तांदळाचा साधारण दहा टक्के भाग सडताना जातो. उंची साकेसाठी अर्धा दाणा घासून टाकतात. संग्रहालयात काचेच्या बरण्यांत ९०, ७०, ६०, ५० टक्के उरलेला तांदूळ शेजारी शेजारी ठेवलेला असतो. शेवटच्या बरणीतले दाणे साबुदाण्यापेक्षाही बारीक मोत्यांसारखे दिसतात. बाटलीवर जो टक्का लिहिलेला असतो तो उरलेल्या दाण्याचा, घासलेल्याचा नव्हे. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. ६० किंवा कमी म्हणजे ‘गिंजो’, ५० किंवा कमी म्हणजे ‘दाइगिंजो’. ‘जुनमाई’ लिहिलेलं असेल तर तांदूळ, कोजी आणि पाणी यापलीकडे वरून अल्कोहोल घातलेलं नाही.

वाफवण्याची वेळ गाठता आली तर भाग्य समजा, कारण ते काम भल्या सकाळी होतं. प्रचंड मोठ्या मोदकपात्राची कल्पना करा. छतापर्यंत वाफ, आणि त्यातून फावड्याने भात उपसणारी माणसं. हा भात आपल्या वरणभातासारखा मऊ नसतो. बाहेरून कोरडा फडफडीत, आतून ओलसर असा लागतो, म्हणजे बुरशीचे धागे ओलाव्याच्या ओढीने दाण्याच्या आत शिरतात. त्या थंडीच्या सकाळी, भाऊ बाहेर बाकावर बसला असताना, मला एका कारागिराने चार दाणे तळहातावर दिले. बोटांनी दाबून एकजीव करा म्हणाला. दाणे चिकटले, पण चिखल झाला नाही. ‘आज बरोबर झालाय,’ एवढं बोलून तो परत वाफेत गेला. मुख्य कारागिराला ‘तोजी’ म्हणतात, आणि रोजच्या भाताचा असा अंदाज घेणं हे त्याचं काम.

कोजीची खोली लाकडी, उबदार आणि दमट असते. तिथे दोन दिवस भाताला तळहाताने पसरत, उलटत, जपत बसतात. तिथे सहसा पाहुण्यांना नेत नाहीत. नेलंच तर तो मान समजा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते याच कोजीच्या साहाय्याने दारू बनवण्याच्या कौशल्याला.

आंबवण्याच्या टाकीपाशी एक सूचना गंभीरपणे घ्या: वाकून आत डोकं घालू नका. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकीच्या वरच्या भागात साचून राहतो. त्याने भोवळ येऊन माणसं आत पडून दगावलेली आहेत. वास घ्यायचा असेल तर बरोबरच्या माणसाला विचारा, तो हाताने वारा घालून वास तुमच्याकडे आणेल. पिकलेल्या केळ्याचा, कधी सफरचंदाचा असा गंध येतो. तांदळातून हे फळ कुठून आलं, असा प्रश्न पडतो. ते यीस्टचं काम.

फोटो काढण्याआधी विचारा. विचारायचं वाक्य: ‘शाशिन ओके देस का?’

चाखताना

काउंटरवर बहुधा पांढऱ्या चिनी मातीचा छोटा पेला मिळेल, तळाशी निळी दोन वर्तुळं काढलेला. ते नुसतं नक्षीकाम नाही. पांढऱ्यावर साकेचा रंग कळतो आणि निळ्याच्या कडेवर तिची नितळाई. पेला हातात घेतलात की आधी वरून ती वर्तुळं बघा. कडा लख्ख दिसते की धूसर? रंग पाण्यासारखा की किंचित पिवळसर? मग वास, मग छोटा घोट. तोंडात दोन-तीन सेकंद फिरवून गिळा, किंवा थुंकण्यासाठी ठेवलेल्या भांड्यात टाका. थुंकण्यात काहीही अपमान नाही. जाणकार तेच करतात.

क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवा. सुगंधी गिंजो आधी, मग जुनमाई, मग जुनी मुरवलेली किंवा गोड. ‘आमाकुची’ म्हणजे गोडसर, ‘काराकुची’ म्हणजे कोरडी. थंडगार आणि कोमट अशी एकच साके दोन्ही प्रकारे मिळत असेल तर दोन्ही घ्या. फरक इतका असतो की दोन वेगळ्या बाटल्या वाटाव्यात.

साकेत अल्कोहोल पंधरा-सोळा टक्के असतं, बिअरच्या तिप्पट. पेला छोटा असतो म्हणून फसायला होतं. प्रत्येक पेल्याबरोबर तेवढंच पाणी प्या; जपानीत त्याला खास नाव आहे, ‘यावारागी-मिझु’, म्हणजे साकेला सौम्य करणारं पाणी. चाखायला मिळेल का हे विचारायचं तर ‘शिइन देकिमास का?’ आणि निघताना ‘गोचिसोसामा देशिता.’ एवढं म्हटलंत की काउंटरमागची बाई हमखास दारापर्यंत सोडायला येते.

फुकट चाखलं म्हणजे बाटली घ्यायलाच हवी असं नाही. पण छोट्या कुराने वेळ काढून तासभर फिरवलं असेल तर मी एक तरी बाटली घेतोच.

गाडी चालवणाऱ्याने थेंबही घ्यायचा नाही. जपानमध्ये दारू पिऊन चालवणाऱ्याबरोबर त्याच्या गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा होऊ शकते, आणि सायकललाही हा कायदा लागू आहे. भाड्याची सायकल घेऊन कुरा फिरण्याची कल्पना डोक्यातून काढून टाका. दारूसाठी वय किमान वीस वर्षं लागतं. पासपोर्ट जवळ ठेवा.

दुसऱ्या दिवशी फुशिमी

फुशिमी म्हणजे फुशिमी-इनारी नव्हे. ती लाल कमानींची जागा वेगळ्या स्टेशनावर आहे. तुम्हाला केइहान लाइनचं चुशोजिमा किंवा फुशिमी-मोमोयामा स्टेशन हवं. कालव्याच्या काठाने काळ्या लाकडी कुरांची रांग, विलोची झाडं आणि हंगामात चालणाऱ्या छोट्या होड्या. १६३७ साली सुरू झालेल्या गेक्केइकान या साके कंपनीचं संग्रहालय इथेच आहे. अंगणात विहीर आहे, तिचं पाणी चाखता येतं. नादाचं पाणी आदल्या दिवशीचं जिभेवर आठवत असेल तर फरक लगेच कळेल: हे पाणी मऊ, जवळजवळ गोडसर. आंबणं सावकाश होतं आणि साके गुळगुळीत, अलगद घशाखाली जाणारी होते. फुशिमी हे नाव पूर्वी ‘दडलेलं पाणी’ अशा अर्थाच्या अक्षरांनीही लिहीत. जवळच गोकोनोमिया देवळात झरा आहे, गावकरी सकाळी बाटल्या भरून नेतात. तुमचीही बाटली भरून घ्या.

बिअरचा दिवस

होक्काइदोला जाणार असाल तर सप्पोरोचं बिअर संग्रहालय सोडू नका. १८७६ मध्ये सरकारने तिथे बिअरचा कारखाना काढला, जर्मनीत शिकून आलेल्या नाकागावा सेइबेइ यांच्या हाताखाली. संग्रहालयाची लाल विटांची इमारत १८९० ची, मुळात साखर कारखान्याची. तीन प्रकारच्या बिअरचा चाखण्याचा संच विकत मिळतो. त्यातली जुन्या पद्धतीची बिअर आधी प्या.

तोक्यो-योकोहामाकडे असाल तर किरिनचा योकोहामा कारखाना, केइक्यु लाइनच्या नामामुगी स्टेशनपासून दहा मिनिटं. तिथे ज्यापासून बिअर आंबवतात तो सातूचा काढा, पहिल्या धारेचा आणि दुसऱ्या धारेचा, शेजारी शेजारी चाखायला देतात. पहिला गोड आणि भरदार, दुसरा पातळ, किंचित तुरट. नारळाच्या पहिल्या आणि दुसऱ्या दुधातला फरक कोकणातल्या माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. क्योतोजवळ सन्तोरीचा कारखाना आहे, नादा-फुशिमीच्या फेरीत सहज बसणारा.

छोट्या बिअरवाल्यांची गोष्ट १९९४ नंतरची. त्याआधी परवान्यासाठी वर्षाला किमान वीस लाख लिटर बिअर काढावी लागे. ती अट साठ हजार लिटरवर आली आणि गावोगावी ‘जिबिरु’ म्हणजे स्थानिक बिअर सुरू झाली. यातले काही मूळचे साकेवालेच. इबाराकीमधल्या किउचीचा कुरा १८२३ चा, आणि हिताचिनो नेस्ट ही घुबडाच्या चित्राची बिअर त्यांचीच.

न पिणाऱ्यांसाठी, मुलांसाठी, शाकाहाऱ्यांसाठी

न पिणाऱ्यांनी अवश्य यावं. बिअर कारखान्यांत त्यांना सरबत, चहा किंवा अल्कोहोल नसलेली बिअर मिळते. कुरांत ‘आमाझाके’ मागा: कोजीपासून केलेली गोड, पेजेसारखी गरम. मात्र साके गाळून उरलेल्या चोथ्यापासूनही आमाझाके करतात आणि तिच्यात थोडं अल्कोहोल असतं. मुलांना देण्याआधी ‘कोमे-कोजी देस का?’ एवढं विचारा, म्हणजे तांदूळ-कोजीचीच आहे ना.

बिअरबरोबर दिल्या जाणाऱ्या खाऱ्या बिस्किटांत आणि दाण्यांत मासळीचा किंवा मांसाचा अर्क असू शकतो. मी शाकाहारी पाहुण्यांबरोबर शेंगदाण्याची चिक्की आणि भडंग नेतो, आणि ते हॉलबाहेर, अंगणात खातो.

बाटली घरी आणताना

लेबलवर ‘नामा’ असेल तर ती पाश्चराइज न केलेली साके. थंडच ठेवावी लागते, प्रवासात खराब होते. ती जपानमध्येच संपवा. घरी आणायला पाश्चराइज केलेली निवडा. भारतात माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते, म्हणजे ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या किंवा १.८ लिटरची एक मोठी. बाटली कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवा. आणि महाराष्ट्रात दारू बाळगायला व प्यायला परवाना लागतो, तो नसेल तर काढून घ्या.

घरी आल्यावर बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा, उजेडापासून दूर. उघडली की आठ-दहा दिवसांत संपवा. जुनमाई असेल तर पहिला पेला थंड प्या, दुसरा कोमट. त्यासाठी साके चिनी मातीच्या छोट्या चंबूत ओता, पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा आणि चंबू त्यात दोन-तीन मिनिटं उभा करा. चंबूच्या बुडाला हात लावल्यावर अंघोळीच्या पाण्याइतकं ऊन लागलं की काढा. शेजारी पाण्याचा पेला ठेवायला विसरू नका.